घरात फोन पाच, गूगल खातं एक: वेगळं करावं का?

सियागंजची_सून
आमच्या घरी पाच फोन आहेत आणि गूगल खातं एकच, बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या नावाचं. २०१३ साली त्यांनी पहिला अँड्रॉइड घेतला तेव्हा इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानदारानंच ते उघडून दिलं. मग आईंना फोन आला, मग ह्यांना, मला, शेवटी मुलाला. दरवेळी तोच पासवर्ड, कारण तो बाबांच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे आणि नवा लक्षात ठेवायची कुणाची तयारी नाही.

गेल्या गुरुवारी दुपारी आईंनी फोन साफ करायला घेतला. ‘मोटर वाइंडिंग देवास’, ‘पंखा पार्टी खंडवा’, ही कोण माणसं माझ्या फोनमध्ये, म्हणून दोनशेच्या वर नंबर उडवले. संध्याकाळी सियागंजच्या दुकानात ह्यांनी फोन उघडला तर एकही पार्टी नाही. ऐन सीझनमध्ये! तेव्हापासून घरात अबोला. ह्यांचं म्हणणं, आईला स्मार्टफोन देऊच नये. आईंचं म्हणणं, माझ्या फोनमधलं मी पुसलं, तुझ्या फोनमधलं कसं गेलं? प्रश्न अगदी बरोबर आहे, पण उत्तर देता येईना घरात कुणाला.

माझ्या मते आता खाती वेगळी व्हायला हवीत. बाबा म्हणतात, घर एक तर खातं एक. तुमच्याकडे काय आहे?

पोहे_विदाउट_जलेबी
आधी नंबर परत आणा, भांडण नंतर. कॉन्टॅक्ट्समध्ये त्या खात्याचा ट्रॅश बघा, पुसलेले नंबर तिथे ३० दिवस राहतात. गुरुवारचे आहेत म्हणजे सगळे मिळतील.

आणि आईंना उत्तर द्या: नंबर त्यांच्या फोनमध्ये नव्हतेच, बाबांच्या खात्यात होते. पाच जण एकाच वहीत लिहितात आणि एकाच वहीतून वाचतात. एकानं पान फाडलं की सगळ्यांचंच फाटलं. आईंची चूक शून्य. चूक त्या दुकानदाराची, आणि नंतर दहा वर्षं ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्या बाकीच्या चौघांची.

नंबर हा तर किरकोळ भाग. फोटोंचंही तेच. जागा भरली म्हणून एकानं गूगल फोटोजमधून फोटो पुसले की पाचही ठिकाणचे गेले. बॅकअप झालेले असतील तर ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतील, पुढे नाहीत. आणि जागा भरणारच. फुकटची १५ जीबी पाच जणांत. जीमेल, ड्राइव्ह आणि जून २०२१ पासून फोटोही त्यातच धरतात, वर २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप. आईंचे सुप्रभात, ह्यांची बिलं, मुलाचे व्हिडिओ सगळं एका डब्यात. तो भरला की जीमेलला नवी मेल येणं बंद. दुकानाचे जीएसटीचे निरोप त्या खात्यावर येत असतील तर बसा शोधत.

अख्खं इंदूर सकाळी गाडी आली की ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करतं, आणि घरातल्या पाच माणसांचं आयुष्य एका डब्यात कोंबतं. कमाल आहे भिया.

नाना_रामबाग
मी बहात्तर वर्षांचा. वरच्या गृहस्थांनी हिशेब छान मांडला, पण त्यात माणूस कुठे दिसला नाही.

सौ. गेल्याला दोन वर्षं होतील. आमचं दोघांचं खातं एकच होतं. तिचा फोन बंद पडला, पण तिनं काढलेले फोटो मला रोज दिसतात: गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि कशाचा ते न कळणारा एक पायाचा फोटो. नंबरांच्या यादीत तिनं घातलेली नावं आहेत, ‘दूधवाला नवा’ आणि ‘दूधवाला जुना उधारी बाकी’. वेगळं खातं असतं तर त्याचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला असता. मुलगा अमेरिकेत. मी कुणाला विचारलं असतं?

घरातल्या घरात कुलपं लावायची हे मला पटत नाही. आमच्या वाड्यात सात कुटुंबांना मिळून नळ एक होता.

सियागंजची_सून
नाना, तुमचं वाचून गप्प बसले. आमचे बाबा हेच म्हणतात, फक्त त्यांना असं मांडता येत नाही.

जिन्याखालची_खोली
नानांबद्दल आदर ठेवून सांगते. नळावर पाणी भरताना कुणी आपल्या मनातलं वाचत नाही.

मी गेल्या वर्षी पुण्यात नोकरी शोधत होते. अर्जसुद्धा केला नव्हता, नुसते पीजी बघत होते, भाडं परवडतं का ते. त्याच रात्री आमच्या टीव्हीवरच्या यूट्यूबनं बाबांसमोर ‘पुण्यात एकटं राहणाऱ्या मुलींसाठी’ छापाचे पाच-सहा व्हिडिओ वाढून ठेवले. टीव्हीवर खातं तेच. दुसऱ्या दिवशी काका, आत्या, सगळे हजर. मी काहीच केलेलं नव्हतं आणि माझ्या जाण्यावर सभा भरली होती.

तर्री_कमी
म्हणजे लपवायचं होतं. मग सरळ तसं म्हणा ना. आजकाल प्रायव्हसी म्हटलं की झालं.

जिन्याखालची_खोली
लपवायचं नव्हतं, सांगायचंच होतं. कधी आणि कसं, ते मी ठरवणार होते. नोकरीचं पत्र हातात घेऊन बाबांशी बोलले असते तर ते बोलणं वेगळं झालं असतं. ती संधी एका यंत्रानं घेतली.

अन्नपूर्णा_रोड
मी उलट बाजूची आहे, आणि ती बाजू मला स्वतःलाच फारशी आवडत नाही.

मागच्या दिवाळीत माझ्या फोनवर काही शोधायला गेले तर खाली जुने शोध दिसले. छातीत गाठ, दुखत नाही, वय ५८. मी चौतीसची. म्हणजे आई. तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, दिवाळी होऊन जाऊ दे म्हणून असेल. मी काहीतरी निमित्त काढून तिला डॉक्टरकडे नेलं. साधी गाठ निघाली. पण तशी नसती तर? खातं वेगळं असतं तर मला कळलंच नसतं.

मला कसं कळलं ते तिला अजून सांगितलेलं नाही.

पोहे_विदाउट_जलेबी
आई सुखरूप आहेत हे फार बरं झालं. पण हा योगायोग आहे, व्यवस्था नव्हे. तोच शोध तुमच्या भाच्याला दिसला असता तर? किंवा तुमच्या वडिलांना, रात्री एकटे असताना?

अन्नपूर्णा_रोड
वडिलांना दिसला असता तर ते त्या रात्री झोपले नसते, हे खरं. तरी मी अजून खातं वेगळं केलेलं नाही. काय म्हणायचं ते म्हणा.

तर्री_कमी
बरं, प्रायव्हसीचं सोडा. खरा धोका कुणी सांगितलाच नाही. खातं एक म्हणजे कुणाच्याही फोनवरून सगळ्यांचे बँकेतले पैसे साफ.

जेल_रोड_रिपेअर
इतकं सरळ नाही दादा. यूपीआय सिमला आणि नंबरला बांधलेलं असतं, वर पिन वेगळा. गूगल खातं एक आहे म्हणून शेजारच्या फोनवरून पैसे जात नाहीत.

पण दोन गोष्टी रोज गिऱ्हाइकांकडे बघून राहिलोय. एक, गूगलमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड. वडिलांनी नेटबँकिंगचा पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह केला की तो पोराच्या फोनवरही आपोआप भरला जातो. प्ले स्टोअरला कार्ड जोडलेलं असेल आणि खरेदीला पासवर्ड मागायचं बंद केलेलं असेल तर गेमचे हिरे पोरगा घेतो, पैसे आजोबांचे.

दुसरी जास्त वाईट. बाहेरचा कुणी खात्यात शिरायला बघतो तेव्हा ‘तुम्हीच साइन इन करताय ना?’ असा निरोप येतो, आणि तो खातं असलेल्या सगळ्या फोनवर जाऊ शकतो. चौघं नाही म्हणतील. पाचवी आजी असते, तिला सवयच असते ‘हो’ दाबायची, कारण दर वेळी नातवानंच लॉगिन केलेलं असतं. तिचं एक ‘हो’ झालं की चोर सरळ आत.

आणि जुना फोन विकताना खातं आधी काढा, मग रीसेट करा. नाहीतर पुढच्याला फोन उघडताना तेच खातं मागू शकतो. गेल्या महिन्यात एक बाई रडकुंडीला आल्या होत्या. खातं दिराचं, दीर दुबईत, आणि दोघांचं बोलणं बंद.

बडोद्याची_माहेरवाशीण
आयफोनवाल्यांनी हसू नये. आमच्याकडे ॲपलचं खातं एक होतं. माझा नवरा मीटिंगमध्ये आणि फेसटाइमवर माझी बहीण दोन्ही फोनवर वाजणार. त्यानं उचलला. बहीण सुरू, ‘तुझ्या सासूचं काय झालं मग?’ पुढचं सांगत नाही. दुसऱ्याच दिवशी खाती वेगळी केली.

तर्री_कमी
🙏 हे मात्र पटलं.

सियागंजची_सून
माझ्या मुलाचं राहिलंच. तो बाराचा आहे, पण खातं बाबांचं असल्यामुळे गूगलच्या लेखी तो एकाहत्तर वर्षांचा निवृत्त गृहस्थ. वयाची काही आडकाठीच नाही. बाबांना मात्र रोज माइनक्राफ्ट गेमचे व्हिडिओ येतात, आणि ते बघतातही! परवा मला विचारत होते, क्रीपर म्हणजे काय.

पोहे_विदाउट_जलेबी
मुलाचं खातं फॅमिली लिंकवर करा, म्हणजे मुलांच्या खात्यावर पालकांची नजर ठेवणारी गूगलची सोय. बाबांना तिथे हात लावू देऊ नका. सगळ्यांचा मिळून गूगलचा फॅमिली ग्रुप करा. त्यात सहा जण बसतात. जागा विकत घेतलीत तर ती वाटून वापरता येते आणि एकाचे फोटो-मेल दुसऱ्याला दिसत नाहीत. एक नळ आणि पाच हंडे म्हणा, नानांनाही चालेल.

आणि नाना, तुमच्या मुद्द्यावर उपाय आहे. गूगलमध्ये आधीच सांगून ठेवता येतं की अमुक महिने मी खातं उघडलं नाही तर यातलं काय कुणाच्या हाती द्यायचं. काही न सांगता सोडलं तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

नाना_रामबाग
हे मला माहीत नव्हतं. आज संध्याकाळी मुलाला फोन करून त्याचं नाव घालतो. पण तिला हे कुणी सांगितलं असतं आणि तिनं ते केलं असतं, असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली असती, एवढ्यात मारायला निघालात का मला.

माझं खातं मी तसंच ठेवणार. तुम्ही तरुण माणसं करा वेगळं.

सियागंजची_सून
रविवारी पोहे झाल्यावर सगळे एकत्र बसलो. नंबर ट्रॅशमधून परत आले, पंखा पार्टी खंडवासकट. ह्यांनी आईंची माफी मागितली, म्हणजे मागितल्यासारखं केलं. बाबा म्हणाले, माझं खातं मला मोकळं मिळणार असेल तर करा काय ते.

पहिलं आईंचं करायला घेतलं. फोननं नाव मागितलं. आई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “लग्नाआधीचं घातलं तर चालेल का?” ते नाव मी सोळा वर्षांत एकदाच, त्यांच्या भावाच्या तोंडून ऐकलं होतं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते, तसेच वाचत राहिले. मी तेच टाकलं.

आता गाडी अडली आहे ती रिकव्हरीच्या नंबरावर, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायला लागतो त्या. ह्यांना वाटतं त्यांचा द्यावा. आई म्हणतात सुनेचा द्या.

नाना_रामबाग
सुनेचाच द्या.