वॉटर्लूचे साक्षीदार म्हणे 'खरा इतिहास'!

शनिवारकर: काल इथे एकाने लिहिलं, "वॉटर्लू कळायला इतिहासकार नकोत, लढलेल्यांची पत्रं वाचा, बाकी थोतांड." गप्प बसणार होतो, पण झोप लागेना. अहो, १८१५ मध्ये बेल्जियममध्ये नेपोलियन हरला ती ही लढाई, आणि त्या पत्रांत ती सुरू कधी झाली यावरही एकमत नाही! खुद्द इंग्रज सेनापती वेलिंग्टन खलित्यात 'सुमारे दहा' म्हणतो, बाकीचे साडेअकरा, बारा. त्यानेच ऑगस्ट १८१५ मध्ये क्रोकर नावाच्या गृहस्थाला कळवलं होतं की लढाईचं नाचाच्या समारंभासारखं असतं. बारीकसारीक प्रसंग आठवतात, पण कुठला आधी नि कुठला नंतर, कोणाला सांगता येत नाही. आणि लढाईची प्रतिकृती बनवणाऱ्या सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने लढलेल्या अधिकाऱ्यांकडून पत्रं मागवली ती जवळपास वीस वर्षांनी.

तोफखाना_निवृत्त: वेलिंग्टनचा दाखला जपून द्या. प्रशियनांना, म्हणजे त्याच्या जर्मन दोस्तांना, श्रेय जाऊ नये असं त्याच्या गोटाला वाटत होतं. सायबोर्नला आपल्या प्रतिकृतीतून प्रशियनांच्या पुतळ्या काढाव्या लागल्या, त्या कशामुळे? वेलिंग्टनचा हुकूम होता की शत्रूचं घोडदळ आलं की तोफा सोडून पायदळाच्या चौकोनात पळा. इंग्रज तोफखान्याच्या मर्सरने माणसं तोफांवरच ठेवली, कारण शेजारचे ब्रुन्सविकवाले जर्मन शिपाई डगमगताना त्याला दिसत होते. हे टेबलावर बसून कोणाला सुचत नाही.

शनिवारकर: मर्सरचं पुस्तक १८७० मध्ये आलं, तो मेल्यावर. आमची आजी पानशेतचा पूर सांगताना दरवर्षी पाणी एक पायरी वर चढवायची. तिलाही कोणी टोकलं नाही.

नदीकाठची: पानशेत थट्टेवारी नेऊ नका. १२ जुलै १९६१ ला माझ्या वडिलांचं दुकान वाहून गेलं. पायरी चुकली असेल तुमच्या आजींची, पाणी चुकलं नव्हतं.

शनिवारकर: ताई, चुकलं. थट्टा पुराची नव्हती.

जालनेकर: बेल्जियम झालं, पुणं झालं. आता असईचं कोणी काढेल का? २३ सप्टेंबर १८०३, कंपनी नि मराठ्यांची लढाई, आमच्या जिल्ह्यात. सर्वांत चांगलं काय लढलात असं विचारल्यावर हाच वेलिंग्टन 'असई' म्हणाला, वॉटर्लू नाही! वाटाडे म्हणाले केळणा नदीला उतार नाही. त्याने समोरासमोर दोन गावं पाहिली नि ताडलं की उतार असणारच. हेसुद्धा त्याच्याकडूनच कळतं. कंपनीचे मेलेले ४२८, जखमी १,१३८, सगळे मोजलेले. आमच्या बाजूचं एक पत्र दाखवा.

मोडी_वाचक: 'आमची बाजू' म्हणजे कोणती? शिंद्यांचं पायदळ चालवत होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. शिपायांत पूरबिये, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातलेच फार.

जालनेकर: म्हणजे पूरबिया मेला तर त्याची साक्ष नको? वा! मोडी कागदांचे रुमाल सोडून एकदा गावात या. नदीकाठी उभं राहा, मग शिकवा बाजू.

मोडी_वाचक: येतो, चहा तुमचा. पण भावनेच्या भरात रचाल ती बखरच होईल. पानिपतच्या बखरी नि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी छापलेली त्या काळची पत्रं शेजारी ठेवून वाचा, फरक कळेल.

तोफखाना_निवृत्त: म्हणजे पत्रंच श्रेष्ठ! माझंच म्हणणं झालं की. धन्यवाद.

मोडी_वाचक: त्याच दिवशीची, काका! वीस वर्षांनी आठवून लिहिलेलं पत्र ही बखरच, फक्त इंग्रजीतली. वॉटर्लूला संध्याकाळी नेपोलियनची 'गार्ड' ही खास फौज कोणी मोडली? इंग्रजांचे फूट गार्ड्स म्हणतात आम्ही, त्यांचीच ५२ वी पलटण म्हणते आम्ही. ५२ व्या पलटणीतल्या लीकने तर १८६६ मध्ये त्यासाठी पुस्तक लिहिलं. दोस्त फौजेतले डच वेगळेच रुसलेले. गंमत म्हणजे गार्डमधले फ्रेंच ग्रेनेडियर मोडले म्हणून पहिल्या फूट गार्ड्सना 'ग्रेनेडियर' नाव मिळालं, आणि समोर होते शास्योर, गार्डमधलंच दुसरं पायदळ! समोरून पाहणाऱ्यांनाच समोर कोण आहे ते कळलं नाही.

तोफखाना_निवृत्त: धुरात टोप्यांवरून ओळखायचं असतं, साहेब. मी सरावातसुद्धा स्वतःच्याच तुकडीला परकी समजलोय. ...हं, हे तुमच्याच बाजूने गेलं वाटतं.

शनिवारकर: चला, घड्याळ इतिहासकारांचं, धूर साक्षीदारांचा. यापुढे मी उदार होणार नाही.

जालनेकर: आणि असई?

तोफखाना_निवृत्त: वेगळा धागा काढा ना.

जालनेकर: काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन माझेच.