विहिरी सजवायच्या गावाने, आशीर्वाद मात्र चर्चचा?

डोंगरकपारी:
नखांत अडकलेली चिकणमाती काढता काढता हा धागा टाकतोय. इंग्लंडमध्ये डार्बीशरमधल्या एका खेड्यात राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. इकडे मे ते सप्टेंबर गावोगावी विहिरी, झरे सजवतात. 'वेल ड्रेसिंग' म्हणतात त्याला. टिसिंग्टनचं सगळ्यांत नावाजलेलं, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सुरू होतं. आमचं मेअखेरीस.

काम मोठं मजेचं. लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवायच्या, त्यांवर मीठ घालून मळलेली माती थापायची, कागदावरचं चित्र टोचून टोचून मातीवर उतरवायचं. रेघा आल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या बोंडांनी आखायच्या, मग पाकळ्या. त्या खालून वर लावत जायच्या, कौलांसारख्या, म्हणजे पाऊस आला तरी पाणी निथळून जातं. बायकोचा हात रांगोळीत बसलेला, तिला पहिल्याच वर्षी चित्राचा एक कोपरा मिळाला. मी अजून माती मळतोय.

आता तक्रार. तीन रात्री आम्ही पंचवीसेक जण हॉलमध्ये राबलो. त्यातले रविवारी चर्चला जाणारे चार-पाच असतील. तरी चित्र बायबलमधलं, उद्घाटन व्हिकरबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, प्रार्थनेने आणि डब्यातले पैसे चर्चच्या मनोऱ्याला. बाईंवर राग नाही, बिचाऱ्या एकट्या सहा गावं सांभाळतात, घड्याळ बघत येतात आणि पुढच्या गावी पळतात. पण प्रार्थना सुरू झाली की मी हातातली बादली घेऊन नुसता उभा. जवळच्या यूलग्रेव्हला तर ही प्रथा १८२९ साली गावात नळाचं पाणी आलं त्याच्याशी जोडलेली आहे. म्हणजे आभार मानायचे ते पाइपाचे! प्रार्थना चर्चमध्ये व्हावी, उत्सव गावाचा असावा, असं माझं मत.

तळकोकण:
असहमत. गावच्या जत्रेतून देव वगळा, मग खाजं आणि फुगे उरतात. तिकडे पालखीपुढे नास्तिक काकाही मुकाट उभे राहतात ना?

डोंगरकपारी:
राहतात, कारण ते काका त्या गावचे आहेत. मानपान, भांडण, वर्गणी सगळ्यात त्यांचा वाटा असतो. मी इथे पाहुणा.

घंटाबाई:
पाहुणे कसले? मी नॉरफोकमध्ये राहते. इथे साडेसहाशेच्या आसपास मध्ययुगीन चर्च उभी आहेत, जिकडे बघाल तिकडे मनोरा. मी देव मानत नाही आणि दर बुधवारी संध्याकाळी घंटा ओढायला जाते. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, एकही पुन्हा यायला नको, पंचवीसेक मिनिटं लागतात. त्या वेळात कुणाची श्रद्धा काय हे विचारायला कुणाला सवड नसते. चुकलं की शेजारचा डोळे वटारतो, तेवढंच.

डब्यातल्या पैशांचं म्हणाल तर बाहेरच्यांना वाटतं, चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख राजा, तोच बघून घेईल. छपराचं शिसं, मनोऱ्याचे दगड, सगळं गावच्या चर्च समितीच्या गळ्यात असतं. दुरुस्तीवरचा २० टक्के व्हॅट परत मिळण्याची योजना २००१ पासून होती. २०२५ मध्ये तिलाही एका इमारतीमागे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा आली. कामासाठी परांची बांधली की त्यातच केवढे जातात! ही इमारत पडली तर गावात दोनशे माणसं एका छपराखाली बसतील अशी दुसरी जागा नाही. तुमच्या हॉलमध्ये बसतील?

आणि हक्काचं ऐका. चर्चयार्डात जागा शिल्लक असेल तर पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या कुणालाही तिथे दफनाचा हक्क आहे, धर्म कोणताही असो. चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे गावकरी, निवडायची सभा दर वर्षी ३१ मेच्या आत होते, तिथे पॅरिशमधल्या सरकारी मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असलात तरी राष्ट्रकुलवाले म्हणून त्या यादीत नाव घालता येतं. घातलंय ना?

डोंगरकपारी:
घातलंय. पण सहा वर्षांत हे कुणी बोललं नाही. केक कोण आणणार हे मात्र दर वेळी विचारतात.

भिंगारचा:
मी नगरकडचा ख्रिस्ती, सध्या श्रॉपशरमध्ये. धागाकर्त्यांशी सहमत, पण अगदी उलट कारणाने. घंटाबाई, तुमचा जीव इमारतीत अडकलाय. आमच्या चर्चमध्ये चीज-वाइनच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि रविवारी आम्ही अकरा जण. त्यातही मी आणि केरळची एक नर्स सगळ्यांत तरुण! सुगीच्या सणाला लोक फूड बँकेसाठी डबे आणतात, फार चांगलं करतात, पण डबा ठेवून निघून जातात. हा सण अनादि काळापासूनचा वाटतो ना? आजचं रूप १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या व्हिकरने सुरू केलं. त्याला लोकांना देवासमोर आणायचं होतं, हॉल भाड्याने द्यायचा नव्हता. देव नको असेल तर खुशाल हॉलमध्ये करा. आमच्या प्रार्थनेला शोभेची वस्तू करू नका.

घंटाबाई:
हे मात्र लागलं. तरी विचारते, चीज-वाइन बंद केली तर ते अकरा जण छप्पर कशाने शाकारणार?

भिंगारचा:
नाही शाकारणार. एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत जमू. घरात प्रार्थना करतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

तळकोकण:
इथे ख्रिस्ती माणूस चर्च सोडायला तयार आणि नास्तिक बाई सोडेनात. धागा वाचनखूण केला.

डोंगरकपारी:
भिंगारचा, तुमचं वाचून बादली घेऊन उभं राहण्याचं जरा वेगळंच वाटायला लागलं. मी अवघडलो होतो हे खरं, पण व्हिकरबाईंना समोरचे पंचवीस चेहरे कसे दिसत असतील हे डोक्यात आलं नव्हतं. चित्राबद्दलचं मत मात्र कायम. पुढच्या वर्षी पाण्याचा नळ काढा म्हणून सुचवणार आहे. घंटाबाई, त्या सभेची तारीख कुठे कळते?

घंटाबाई:
चर्चच्या दारावर नोटीस लावतात. फेसबुकवर शोधू नका.

डोंगरकपारी:
आत्ताच बघून आलो. नोटीस अजून दारावर आहे, सभा मागच्या मंगळवारी झाली.