‘बाई चालेल हो, पण ही नको’

मेथीदाणा:

दिवाळीचा फराळ संपला तरी आमच्या घरातला एक वाद संपायचं नाव घेत नाही, म्हणून तो इथे आणून टाकते. निमित्त मिशेल ओबामांचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या म्हणाल्या, की हा देश बाईला राष्ट्राध्यक्ष करायला अजून तयार नाही, तेव्हा मला उभं राहा म्हणू नका. नवरा म्हणाला, हरलेल्यांचं रडगाणं. मी म्हटलं, नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिसच्या प्रचारासाठी आमच्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळच्या उपनगरांत दारोदार फिरत होते. एका घरी सत्तरीचे गृहस्थ भेटले. सज्जन माणूस, मला पाण्याची बाटलीसुद्धा आणून दिली. म्हणाले, ‘बाई असायला माझी काही हरकत नाही. पण ही बाई नको.’ का? जरा विचार करून म्हणाले, ‘फार हसते.’

आता २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनबद्दल तक्रार काय होती? हसत नाही. २००८ मध्ये न्यू हॅम्पशरला तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर नाटक. त्याच राज्यात तिच्या सभेत दोन पुरुष उठून ओरडले होते, ‘माझा शर्ट इस्त्री कर.’ मागे जाऊ तितकं हेच. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. मोठ्या पक्षाने त्या जागी बाई देण्याची ती पहिलीच वेळ. मिसिसिपीत गेल्या तेव्हा तिथल्या कृषी आयुक्तांनी विचारलं, ‘ब्लूबेरी मफिन करता येतात का?’ त्या म्हणाल्या, ‘येतात की. तुम्हाला?’ तर उत्तर आलं, ‘आमच्याकडे पुरुष स्वयंपाक करत नाहीत.’ आणि १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या शर्ली चिझम, अमेरिकी काँग्रेसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, त्या तर सांगायच्या की काळी म्हणून जेवढा भेदभाव वाट्याला आला, त्याहून कितीतरी जास्त बाई म्हणून आला.

गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने १९३७ मध्ये विचारलं होतं, बाकी सगळ्या बाबतीत लायक असेल तर बाईला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? ३३ टक्के हो म्हणाले. २०२० मध्ये ‘हो’वाले ९३ टक्के. एवढी सगळी माणसं हो म्हणतात आणि दर वेळी नेमकी ‘ही’च कशी नको असते?

सरळसोट:

ताई, धागा छान आहे, पण दूध उतू गेलं म्हणून पातेल्याला दोष देण्यातला प्रकार वाटतो.

जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाई ९.१ टक्क्यांवर होती. २०२४ मध्ये जगभर सत्ताधाऱ्यांना मार बसला. ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष भुईसपाट झाला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, आपल्याकडे भाजप २४० वर आला. तिथे कुठे बाई उभी होती? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन २१ जुलैला उमेदवारीतून बाजूला झाले, हॅरिसना प्रचाराला १०७ दिवस मिळाले. त्यात एका टीव्ही कार्यक्रमात विचारलं, बायडेनपेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, तर म्हणे काही सुचत नाही. हे कुणी बोललं असतं तरी बुडालाच असता. एवढं असून त्या दीड टक्क्याने हरल्या.

आणि हिलरी? तिला ट्रम्पपेक्षा २८ लाखांवर जास्त मतं होती! म्हणजे मतदारांनी बाईला निवडलंच होतं, आड आलं ते इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राज्यवार मोजणीची पद्धत. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत मिळून साधारण ७८ हजार मतांनी घोळ झाला. उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला ती एकदाही फिरकली नाही. हा लिंगभेद म्हणायचा का आळस?

रडण्याबद्दल म्हणाल तर १९७२ मध्ये त्याच न्यू हॅम्पशरमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणारा एडमंड मस्की रडला म्हणून त्याची उमेदवारी गाळात गेली. तो बिचारा सांगत राहिला, की बर्फ वितळून गालावर आला होता. हिलरी मात्र डोळे पाणावल्यावर तिथली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकली. हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्याच राज्यातला. हॅरिस मिशिगनमध्ये हरल्या त्याच दिवशी तिथून एलिसा स्लॉटकिन सिनेटवर गेल्या. विस्कॉन्सिनमधून टॅमी बाल्डविन. मतदार तेच, मतपत्रिका तीच. मग पूर्वग्रह एका ओळीवर जागा झाला आणि दुसरीवर झोपला का?

मधली_सुट्टी:

महाराष्ट्रात आजवर एकही महिला मुख्यमंत्री नाही आणि आपण अमेरिकेची धुणी धुतोय. चालू द्या.

माडाखालचा:

@मधली_सुट्टी, आमच्या गोव्यात १९७३ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या होत्या. शेजारी बघत चला जरा.

मधली_सुट्टी:

वडील भाऊसाहेब बांदोडकर गेल्यावर. घराणं असलं की बाई चालते, ते आम्हालाही माहीत आहे.

आकडेमोड:

सरळसोट यांचा स्लॉटकिनचा मुद्दा सगळीकडे फिरतो, म्हणून आकडे बघू. मिशिगनमध्ये हॅरिसना साधारण २७ लाख ३६ हजार मतं पडली, स्लॉटकिनना २७ लाख १३ हजार. म्हणजे जिंकलेल्या बाईला हरलेल्या बाईपेक्षा मतं कमी आहेत. फरक पडला तो समोरच्या बाजूला. ट्रम्पना २८ लाख १७ हजार, पण त्यांच्याच पक्षाचे माइक रॉजर्स २६ लाख ९४ हजारांवर अडकले. बरेच लोक ट्रम्पच्या नावापुढे खूण करून खालचे रकाने कोरे ठेवून घरी गेले. यातून ‘मिशिगनला बाई चालते’ हेही सिद्ध होत नाही आणि ‘चालत नाही’ हेही. ट्रम्प मतपत्रिकेवर असले की काय होतं तेवढंच कळतं.

मेथीदाणा, तुमच्या ९३ टक्क्यांवरही माझा विश्वास नाही, पण कारण वेगळं. समोर कुणी विचारलं तर माणूस बरं दिसेल तेच बोलतो. यावर संशोधकांनी एक युक्ती काढली आहे. लोकांचे दोन गट करायचे. एकाला चार गोष्टींची यादी द्यायची, उदाहरणार्थ पेट्रोलची दरवाढ, आणि विचारायचं, यातल्या किती गोष्टींनी तुम्हाला राग येतो? कोणत्या ते सांगू नका, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला त्याच चार आणि पाचवी, ‘बाई राष्ट्राध्यक्ष होणं’. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे त्या पाचव्या गोष्टीचा राग. कुणालाच तोंडाने कबुली द्यावी लागत नाही. अशा एका अभ्यासाचा निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला होता: सुमारे २६ टक्के.

पण या २६ मधले किती जण एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारे होते, हा प्रश्न उरतोच. ज्याचं मत कधी मिळणारच नव्हतं, त्याच्या रागाने निकाल बदलत नाही.

घाटमाथा:

मी टेक्सासमध्ये १८ वर्षं आहे. २०२४ ला ट्रम्पना मत दिलं. आता दगड मारायचे तर मारा.

मार्चमधल्या रिपब्लिकन प्रायमरीत मी ट्रम्पविरुद्ध उभ्या असलेल्या निकी हॅलीला मत दिलं होतं. ती व्हरमाँट आणि वॉशिंग्टन डी.सी. जिंकली, रिपब्लिकन प्रायमरी जिंकणारी पहिली बाई. ती पडली, मग माझ्यापुढे दोन नावं उरली. सीमेचा प्रश्न आणि किराण्याचं बिल यावर मला ट्रम्प बरे वाटले. त्यांच्या तोंडाचं समर्थन मी करत नाही. पण नोव्हेंबरमध्ये मी बाईविरुद्ध मत दिलं असं कुणी म्हणालं की तिडीक येते. हेच तुमच्या पक्षाला भोवतं. पिट्सबर्गमध्ये बराक ओबामांनी काळ्या पुरुषांचे जाहीर कान उपटले, की बाई राष्ट्राध्यक्ष ही कल्पनाच तुमच्या पचनी पडत नाहीये. मत मागायला आलेला माणूस दारात उभा राहून घरमालकाचे दोष काढतो का?

कोरडा_ओला:

मूळ दुखणं वेगळंच आहे. बायकाच बायकांना मत देत नाहीत. २०१६ ला गोऱ्या बायका ट्रम्पकडे गेल्या. विषय संपला.

मेथीदाणा:

@कोरडा_ओला, विषय इतक्या लवकर संपत नाही हो. प्यू संस्थेने ज्यांनी खरोखर मतदान केलं अशांचीच नोंद तपासून काढलेला आकडा आहे: गोऱ्या बायका ४७ टक्के ट्रम्प, ४५ टक्के हिलरी. म्हणजे जवळपास अर्ध्या अर्ध्या. काळ्या बायकांनी २०१६ आणि २०२४ दोन्ही वेळा दहापैकी नऊच्या आसपास किंवा त्याहून जास्त मतं उमेदवार बाईला दिली. एकूण बायकांचा कल तर १९८० पासून पुरुषांपेक्षा डेमोक्रॅट्सकडेच जास्त आहे. ‘बायका’ नावाची एक जात नाही. पुरुषांनी पुरुषाला पाडलं तर ‘पुरुषच पुरुषाचा वैरी’ असं कधी ऐकलंय?

@घाटमाथा, तुम्हाला कुणी दगड मारत नाहीये. पण हॅली पडली ती का, हेही बघा ना. तुमच्या पक्षात तिला ‘पक्षीमेंदूची’ कोण म्हणत होतं?

@सरळसोट, मस्कीचं मान्य. हिलरी ती प्रायमरी जिंकली हे मी लिहायला हवं होतं, तेही मान्य. मला म्हणायचंय ते निकालाबद्दल कमी आणि त्या गृहस्थांच्या ‘फार हसते’बद्दल जास्त आहे. महागाई म्हणाले असते तर मी गप्प पाणी पिऊन निघाले असते.

पाटावरवंटा:

संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत यातला फरक कुणी काढला नाही अजून. इंदिराबाई किंवा थॅचर यांना आधी पक्षाने नेता निवडलं, मग लोकांनी पक्षाला मत दिलं. अमेरिकेत सगळा देश एकाच चेहऱ्याकडे बघतो, वर तो ‘कमांडर इन चीफ’. फेरारोंना टीव्हीवर सरळ विचारलं होतं, की तुम्ही बाई म्हणून सोव्हिएत रशिया गैरफायदा घेईल असं नाही का वाटत? सैन्य आलं की बाईचं माप वेगळं.

सरळसोट:

मेक्सिको. जून २०२४. अध्यक्षीय पद्धत, थेट निवडणूक, पुरुषी मिशांसाठी प्रसिद्ध देश. पहिल्या दोन्ही क्रमांकांवर बायका, आणि क्लॉडिया शाइनबाउम दणदणीत निवडून आल्या. तुमचा सिद्धांत सीमेपलीकडे लगेच बारगळला.

पाटावरवंटा:

बारगळला नाही. मेक्सिकोत पक्षांना उमेदवारीत निम्म्या बायका द्याव्याच लागतात, तसं त्यांच्या घटनेतच आहे. संसदेत वर्षानुवर्षं निम्म्या बायका दिसल्या की अध्यक्षपदाला कुणी दचकत नाही. उलट माझाच मुद्दा पक्का झाला. अडतं ते उमेदवारीच्या दारात.

आकडेमोड:

+१. अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांवर बरंच काम झालंय, आणि बाई एकदा अंतिम लढतीत पोचली की ती साधारण पुरुषांइतक्याच वेळा जिंकते असं दिसतं. गळती त्याआधी होते.

मिशिगनचंच घ्या. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत आपले बेळगावचे श्री ठाणेदार होते, पदरचे पैसे ओतून. ग्रेचेन व्हिटमरनी त्यांच्यासकट दोन पुरुषांना हरवलं, पुढे गव्हर्नरपद दोनदा जिंकलं. पण त्याच व्हिटमरचं नाव २०२८ साठी निघालं की डेमोक्रॅट्सच म्हणतात, परत बाई नको, दोनदा पोळलोय. २००४ मध्ये डेमोक्रॅट्सचे जॉन केरी हरले तेव्हा ‘परत पुरुष नको’ म्हटल्याचं आठवत नाही.

सरळसोट:

हे मात्र मला पटतं, आणि म्हणूनच मेथीदाणाताईंना एक विचारतो. रागावू नका. २०२० च्या प्रायमरीत सहा बायका उतरल्या होत्या. एलिझाबेथ वॉरेन तर मार्चपर्यंत टिकल्या. तुमचं मत कुणाला होतं?

मेथीदाणा:

विचारलंतच.

मतपत्रिका टपालाने आली होती, दोन दिवस ओट्यावर डब्याखाली पडून होती. मला वॉरेन आवडायच्या. बाई प्रत्येक प्रश्नाला कागदावर योजना घेऊन यायची, माझ्यासारख्या याद्या करणाऱ्या बाईला अजून काय हवं? २९ फेब्रुवारीला रात्री साउथ कॅरोलायनाचा निकाल लागला, बायडेन मोठ्या फरकाने जिंकले. तेव्हा वॉरेन अजून शर्यतीत होत्या. मी पेन घेऊन बसले आणि बायडेनना खूण केली. मनात एकच, मला बाई चालेल, पण त्या पलीकडच्या गल्लीतल्यांना चालणार नाही, आणि ट्रम्पना तर पाडायचंय.

नवऱ्याने त्याची मतपत्रिका वेगळी भरली. तोही वॉरेन वॉरेन करायचा. बऱ्याच महिन्यांनी बोलता बोलता कळलं, त्यानेही बायडेनच. म्हणाला, ‘मला वाटलं बाकीचे लोक देणार नाहीत.’ बाकीचे लोक म्हणजे त्याच घरात, त्याच ओट्यापाशी मी होते.

घाटमाथा:

मी हॅलीला दिलं होतं. नोंद असावी.