मदत हवी आहे : बाबा महिनाअखेर रिटायर, कंपनीचा मेडिक्लेम बंद. कुठली पॉलिसी घेऊ?

रोहन_पिंपरी
बाबा या महिनाअखेरीला रिटायर होताहेत. कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी बंद. एजंट फोन करकरून डोकं खातोय, दहा लाखांची फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम, घ्या म्हणतो. हप्ता ऐकून आई गप्पच झाली. कुठली कंपनी चांगली तेवढं सरळ सांगा. लिंका देऊ नका, वाचून झाल्यात. घाई आहे.

सुमेधा_ठाणे
वय? बीपी-शुगर? आई पण घ्यायची का त्यात? नोकरी सरकारी की खासगी? हवेत काय सांगणार?

रोहन_पिंपरी
खासगीच, म्हणून तर विचारतोय. बाबा 60, आई 57. तब्येत ठणठणीत. आता सांगा.

अण्णा_नगरकर
विमा घेऊच नका. हप्त्याचे पैसे दरवर्षी एफडीत टाका. मी तेच करत आलोय, पैसे आपलेच राहतात आणि कुणापुढे फायली घेऊन उभं राहावं लागत नाही.

जुना_बँकर
अण्णा, तुमचं नशीब चांगलं, एवढाच त्याचा अर्थ. एफडी भरायच्या आधी बायपास निघाली तर?

अण्णा_नगरकर
नाही निघाली ना!

कोकणी_आजोबा
आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. फुकट आहे. आमच्या दोघांचं काढलं, पाच लाखांपर्यंत उपचार.

सुमेधा_ठाणे
आजोबा, ते 70 पूर्ण झालेल्यांना. त्याचे बाबा साठीचे आहेत.

रोहन_पिंपरी
आजी 78 आहे. ती पण कंपनीच्या पॉलिसीत होती. तिला चालेल का?

सुमेधा_ठाणे
अरे, घरात आजी आहे हे आत्ता सांगतोस? तिचं आजच काढ. वय आधारवरचं धरतात, उत्पन्नाची अट नाही, जुन्या आजारांना थांबावं लागत नाही. आयुष्मान अ‍ॅपवरून घरबसल्या होतं. तुम्ही नेहमी जाता ते हॉस्पिटल यादीत आहे का, तेवढं आधी बघ. नावाजलेली खासगी बरीचशी नसतात, ऐनवेळी रिसेप्शनवर वाद नको.

कोकणी_आजोबा
महात्मा फुले योजना पण आहे. आता पांढऱ्या रेशनकार्डावरही मिळते.

जुना_बँकर
मिळते, पण ठरलेले उपचार आणि ठरलेली हॉस्पिटलं. रोहन, मूळ मुद्द्यावर येतो. कुठली कंपनी चांगली हा प्रश्न नंतरचा. आधी बाबांच्या कंपनीचा गट विमा कोणाचा आहे ते बघ, आणि त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज कर. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांत ही सोय आहे, मायग्रेशन म्हणतात. गट विम्यात काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून वजा होतात, जुन्या विमा रकमेपुरती. दुसरीकडे कोरी पॉलिसी घेतलीस तर आधीपासूनच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. अर्ज मुदत संपायच्या आत जायला हवा. नंतर गेलास तर नवा ग्राहक.

रोहन_पिंपरी
एजंट हे बोललाच नाही. उलट म्हणाला फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका, पाच वर्षांनंतर कोणी विचारत नाही.

सुमेधा_ठाणे
कुठला स्टेंट???

रोहन_पिंपरी
2021 ला बाबांच्या हृदयात बसवला होता. आता काही त्रास नाही, म्हणून ठणठणीत म्हटलं. शुगरची एक गोळी आहे फक्त.

सुमेधा_ठाणे
धन्य आहेस.

जुना_बँकर
एजंटला आधी हाकल. साठ महिन्यांनंतर माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलीय. आणि पहिल्या पाच वर्षांत अ‍ॅडमिट झाले तर? केसपेपरवर डॉक्टर पहिल्याच ओळीत लिहितात, ‘मधुमेह, पूर्वी अँजिओप्लास्टी’. तो कागद कंपनी मागतेच. सगळं लिही, गोळीच्या नावासकट.

वैद्यकन्या
स्टेंटनंतर आमच्या शेजाऱ्यांना अर्जुनाच्या सालीचा काढा खूप मानवला.

सुमेधा_ठाणे
ताई, त्यानं विमा विचारलाय, काढा नाही.

करसल्ला
हप्त्यावरची आयकर सवलत विसरू नका. ज्येष्ठ आई-वडिलांसाठी 50,000 पर्यंत वजावट, पण जुन्या करप्रणालीतच. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

रोहन_पिंपरी
मी नव्या करप्रणालीत आहे. बरं, हप्ता कमी व्हायला काय करू?

जुना_बँकर
स्वस्त पॉलिसीत दोन गोष्टी शोध, खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपणच भरायचा. पाच लाखांवर एक टक्का खोलीभाडं म्हणजे दिवसाला 5,000. बाबांनी 8,000 ची खोली घेतली तर वरचे 3,000 भरून सुटका होत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, सगळं 5/8 च्या हिशोबानं मिळतं. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. डिस्चार्जच्या दिवशी हे कळतं आणि तोंडचं पाणी पळतं. मी स्वतः खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच घेतो, हप्ता थोडा जास्त गेला तरी.

अण्णा_नगरकर
बघा! म्हणून म्हणतो एफडी.

जुना_बँकर
अण्णा, तुमची एफडी ठेवू, पण तिच्यावर सुपर टॉप-अप घेऊ. पहिले पाच लाख एफडीतून, वरचे विम्यातून. हप्ता बराच कमी बसतो. नुसता टॉप-अप नको. त्यात प्रत्येक क्लेमला पाच लाख ओलांडावे लागतात, सुपरमध्ये वर्षभराचे खर्च एकत्र धरतात. स्टेंटचा प्रतीक्षाकाळ यालाही लागतो हं.

अण्णा_नगरकर
एवढं चालेल.

रोहन_पिंपरी
एचआरशी बोललो. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर मिळाला, मेल टाकलाय. शेवटचं एक, आई-बाबांची फ्लोटर की वेगवेगळ्या?

सुमेधा_ठाणे
वेगळ्या. फ्लोटरचा हप्ता बहुधा मोठ्याच्या वयावर ठरतो, आणि बाबांच्या हृदयावर रक्कम संपली तर आईला त्या वर्षी काय उरणार? आणि एचआरकडून बाबा कोणत्या वर्षापासून विम्यात होते याचं पत्र घे, शिक्क्यासकट. रिटायर झाल्यावर तिथे कोणी ओळख दाखवत नाही.

गप्पिष्ट
छान माहिती. माझ्या मेव्हण्याला कॅनडाला जायचंय, प्रवासी विमा कुठला घ्यावा?

सुमेधा_ठाणे
वेगळा धागा काढा. आणि त्याचं वय लिहा.