मदत हवी आहे: तिसऱ्या (खायचे शिंपले) शुक्रवारी घेऊन शनिवारी रात्री करायच्या आहेत

जानेवारीत वीकेंडला आम्ही दहा जण पाचगणीला मालवणी थीम डिनर करतोय. बांगड्याचं तिरफळ घालून तिखलं, सुरमई फ्राय, घावणे, सोलकढी हे सगळं ठरलंय, अडलंय फक्त तिसऱ्यांच्या सुक्यावर.

तिसऱ्या पुण्यात गणेश पेठेतून शुक्रवारी संध्याकाळीच घ्याव्या लागतील कारण शनिवारी पहाटे निघायचंय, आणि फ्रोझन नकोत, चव जाते. मासेवालीला विचारलं, ती म्हणते त्याच दिवशी न्या, ते जमणार नाही. आइसबॉक्स आहे, तिथे फ्रिजही आहे. गोड्या पाण्यात ठेवल्या तर मरतात हे माहितीये.

मग ओल्या फडक्यात गुंडाळून जिवंत न्याव्यात, की शुक्रवारी रात्रीच वाफवून एकशिपी करून (म्हणजे एक शिंपी काढून, मांस दुसऱ्या शिंपीत ठेवून) त्यांच्या पाण्यासकट थंड करून न्याव्यात? चवीला आणि पोटाला काय बरं?