मदत हवी आहे: मुंबई ते नेवार्क थेट विमानाला प्रत्यक्षात किती तास लागतात?

नमस्कार. माझी आई ऑक्टोबरअखेरीस एकटीच मुंबईहून अमेरिकेत, न्यू यॉर्कजवळच्या नेवार्कला थेट विमानाने येत आहे. तिला रोज रात्री ९ वाजता दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घ्यावे लागते. प्रवासाच्या दिवशी घड्याळाकडे न पाहता आधीच्या डोसनंतर उलटलेले तास मोजावेत, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले असल्यामुळे मला प्रवासाच्या वेळेचा नीट अंदाज हवा आहे.

दोन विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे आणि ताशी ९०० किलोमीटरच्या वेगाने त्याला चौदा तास लागायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना सोळा तास आणि जानेवारीत परतताना पावणेपंधरा तास दिले आहेत. मुलाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तो सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोचा परिसर, स्कँडिनेव्हिया आणि आइसलँड असा गेला. (सपाट नकाशावर हीच रेघ उत्तर आफ्रिकेवरून जाते, त्यामुळे नकाशावर फूटपट्टी ठेवण्यात अर्थ नाही.) पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, म्हणजे दोऱ्याची वाट सुरुवातीलाच मोडते, शिवाय पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांबेपर्यंतचा असतो, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा फरक का पडतो, हा माझा प्रश्न नाही. तो प्रत्यक्षात किती पडतो, हे जाणून घ्यायचे आहे.

विमान रात्री दीडला सुटून इथल्या सकाळी आठला पोहोचणार आहे. त्या दिवसांत भारत इथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असल्यामुळे आईचा पुढचा डोस इथल्या साडेअकराला येतो. विमान वेळेवर आले, तर मधल्या साडेतीन तासांत इमिग्रेशन आणि सामान उरकून एडिसनला घरी पोहोचता येईल; पण दोन तास उशीर झाला, तर ती नेमकी रांगेत उभी असेल. इन्सुलिन तिच्या हातातल्या पिशवीतच असणार आहे, तरी रांगेत सुई काढायला ती संकोचेल, हे मी जाणते.

ज्यांनी गेल्या काही महिन्यांत हा थेट प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे, की सोळा तासांचे प्रत्यक्षात किती झाले आणि व्हीलचेअर घेतलेल्या प्रवाशाला नेवार्कला बाहेर पडायला साधारण किती वेळ लागला. शेवटचे जेवण उतरण्याच्या किती आधी देतात, हेही कळले तर बरे होईल, कारण डोस विमानातच थोडा आधी घेता येईल का, असे डॉक्टरांना विचारताना ती माहिती लागेल. परतीच्या प्रवासात डोस वाटेतच येत असल्यामुळे तिथे अडचण दिसत नाही.