मदत हवी आहे: चिकन खिम्याच्या गोळ्यांचं सूप, गोळे मऊ पण हवेत आणि फुटायला पण नकोत

उकडीची_पेज
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय. बाबांचे उरलेसुरले सगळे दात काढलेत, आता हिरड्या भरून यायच्या आणि मग कवळी, म्हणजे अजून बरेच दिवस मऊ खाण्यावरच काढायचेत. माणूस पक्का मटणवाला, रविवारी ताटात नळी नसेल तर जेवण झालं असं मानतच नाही, आणि आता समोर काय तर गुरगुट्या भात, वरण नाहीतर रव्याची खीर. दोन घास खातात आणि ताट सरकवतात, चिडचिड तर विचारू नका. म्हणून म्हटलं चिकनचं सूप करावं आणि त्यात खिम्याचे बारके गोळे, नुसत्या हिरड्यांनी दाबले तरी मोडतील असे. सूपचं टेन्शन नाही, हाडं कुकरला लावून आलं-लसूण-मिरी-हळद घातली की छान होतं. घोडं अडतंय ते गोळ्यांपाशी. मऊ करायला जावं तर पातेल्यात विरघळून सगळं गढूळ होतं आणि अंडं, कॉर्नफ्लॉवर वाढवावं तर रबराचे चेंडू. युट्यूबवर जो तो आधी तळून घेतो पण ते नकोय, वरचं कवच टणक होतं आणि बाबांना तेच चावत नाही. बीपी आहे त्यामुळे मीठ बेतानं. आमचा चिकनवाला जो खिमा देतो तो बहुतेक ब्रेस्टचाच असतो, पांढरा आणि कोरडा. मिक्सर आहे, कुकर आहे, बाकी काही मशीनबिशीन नाही. घरी नेहमी करणारं कुणी असेल तर प्रमाणासकट सांगा ना प्लीज.

रस्सा_भुरके
ताई पहिलं काम, खिमा बदला. ब्रेस्टमध्ये चरबी नावालासुद्धा नसते, शिजला की कोरडा होणारच, त्यात तुमचा काय दोष. चिकनवाल्याला सांगायचं लेगचं बोनलेस काढ, त्याचा खिमा कर आणि निघालेली हाडं पण पिशवीत टाक, पैसे दिलेत की आपण त्याचे. वर दोन-चार पंख आणि माना मागून घ्या, त्या हाडांनी सूपला जो चिकटपणा येतो, ओठाला ओठ लागतो, तो नुसत्या मांसाने येत नाही. आमच्या कोल्हापुरात घरी कुणी आजारी असलं की अळणीच देतात, तांबडा-पांढरा करायच्या आधीचं ते पिवळसर पाणी, आलं-लसूण हळद मीठ बास, मसाला नाही की तिखट नाही. त्यात तुमचे गोळे सोडा, झालं. बाबांना नुसतं पाणी बेचव वाटलं तर शेवटी अर्धी वाटी नारळाचं दूध घालून पांढऱ्याच्या वाटेवर न्या, फक्त ते घातल्यावर उकळू नका, फाटतं.

झटपट_किचन
एवढं काय त्यात, खिमा मिक्सरमधून काढ बर्फाचे दोन खडे टाकून, पार लोण्यासारखा एकजीव होईपर्यंत फिरव आणि गोळे वळ. एक पण फुटणार नाही, गॅरंटी.

पोळपाट_लाटणं
झटपट, फुटणार नाहीत हे खरंय पण ते उसळणारे होतील. इंडोनेशियातले बाक्सो असतात ना सूपमधले, ते असेच करतात, थंडगार मांस मीठ घालून घोटायचं म्हणजे ते ताणलं जातं आणि दाताखाली टणकन येतं. ते मुद्दाम तसं हवं असतं त्यांना. दात नसलेल्या माणसाला ते देऊन काय उपयोग!

उकडीची पेज, तू मिक्सर लावूच नकोस. मी करते तसं सांगते, सासूबाईंना असेच लागतात. अर्धा किलो खिमा असेल तर ब्रेडचे 2 स्लाइस कडा काढून पाव वाटी दुधात भिजत घाल आणि बोटांनी पार लगदा कर, तुकडा राहता कामा नये नाहीतर शिजल्यावर नेमकं तिथेच गोळा उकलतो. हा लगदा पाणी धरून ठेवतो आणि मांसाला एकमेकांना घट्ट धरू देत नाही, मऊपणा येतो तो त्याच्यामुळे, अंड्याने नाही. अंडं घालायचंच तर एकच घाल, जास्त अंडी म्हणजे शिजल्यावर घट्टपणा, तुझे रबरी चेंडू त्यातूनच आले असणार. कॉर्नफ्लॉवर अजिबात नको. आता मीठ, बीपी आहे कळलं, पण खिम्यातून ते पूर्ण काढू नकोस कारण मीठ लागलं की खिमा चिकट होतो आणि गोळा बांधला जातो तो त्या चिकटपणानेच. अर्धा छोटा चमचा खिम्यात घाल आणि सूपमध्ये घालूच नकोस, वाढताना लिंबू पीळ, मिरपूड टाक, कळत पण नाही. ब्रेडमध्येही मीठ असतं ते धरून चाल.

कालवायचं कसं, तर बोटं पसरून खालवर, जेमतेम एक मिनिट. खिमा बोटांना थोडा चिकटायला लागला आणि भांड्याच्या कडेचा सुटून आला की थांबायचं, कणकेसारखा तिंबत बसायचं नाही. मग झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. हात ओला करून लिंबापेक्षा लहानच वळ, तळहातावर अलगद फिरव, दाबून घट्ट करू नकोस.

आजी_ऑनलाइन
सगळं बरोबर सांगितलंस गं. फक्त एक, गोळ्यांच्या आमटीचा नियम इथेही लागू. आधी एकच गोळा सोडून बघायचा. तो टिकला तर बाकीचे सोडायचे, विरघळला तर सारणात अजून थोडा ब्रेड कुस्करायचा. आमच्या वेळी सगळं पातेलं वाया घालवायची चैन नव्हती बाई. आणि गोळे सोडताना सूप रटरटत नको. कडेने बारीक बुडबुडे येतायत आणि मधलं पाणी नुसतं हलतंय एवढीच आच. खळखळ उकळी असली की गोळे एकमेकांवर आपटतात, फुटतात, मग सूप गढूळ व्हायला किती वेळ. सोडल्यावर दोन-तीन मिनिटं डावाने ढवळायचं नाही, पातेलं कानाला धरून हलकं हलवायचं. गोळे वर तरंगले की अजून चार-पाच मिनिटं ठेव. एक फोडून बघ, आत गुलाबी नको. चिकन आहे, कच्चं राहून चालत नाही.

एडिसनची_मावशी
आजींना अनुमोदन. माझ्याकडे ते टोचायचं थर्मामीटर आहे, गोळ्याच्या मधोमध 74 डिग्री सेल्सियस झालं की मी गॅस बंद करते, त्याच्यापुढे जितकं शिजवाल तितका कोरडा. इथे इटालियन लोकांचं वेडिंग सूप म्हणून मिळतं, त्यात गोळे गोटीएवढेच असतात, एका चमच्यात दोन-तीन मावतात, सोबत पालेभाजी आणि बारका पास्ता. काकांसाठी तो आकार बेस्ट, चमच्याने तोडायची पण गरज नाही. पालक अगदी बारीक चिरून शेवटी घाल. ब्रेड नको असेल तर ग्रीक लोक गोळ्यात तांदूळ घालतात, मी आंबेमोहोराचा गुरगुट्या भात मुठभर कुस्करून घातलाय, मस्त लागला आणि वास काय सुंदर.

दाढदुखी
विषयांतर होतंय पण पेशाने डेंटिस्ट आहे म्हणून राहवत नाही. दात अगदी परवा-तेरवा काढले असतील तर सूप कोमट द्या, कढत नको, आणि स्ट्रॉने तर मुळीच नको, ओढल्याने जखमेवरची रक्ताची गुठळी सुटू शकते आणि मग जे दुखतं ते नको रे बाबा. गोळे आत्ताच द्यायचे की थोडं थांबायचं हे तुमच्या डेंटिस्टना विचारा. अख्खी मिरी पण नको, पूड करून आणि गाळून घ्या, कण जाऊन बसतात.

उकडीची_पेज
बाप रे किती मस्त माहिती, थँक्यू सगळ्यांना! दाढदुखी, काढून बरेच दिवस झालेत, डॉक्टरांनी मऊ काहीही खा म्हणून सांगितलंय, पण मिरीचं लक्षात आलं नव्हतं, आता गाळूनच घेईन. तीन शंका. एक, कुकरमध्ये सूप कधीकधी गढूळ होतं ते का? दोन, गोळे करून फ्रीजरला ठेवले तर चालतील का, रोज ऑफिसच्या आधी वळत बसणं शक्य नाही. तीन, कांदा घालायचा का खिम्यात? कुणीच म्हणालं नाही.

रस्सा_भुरके
शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या की आत खळबळ होते आणि मळी मिसळते. हाडं गार पाण्यात टाका, झाकण न लावता एक उकळी येऊ द्या, वर फेस येतो तो पळीने काढा, मग झाकण. एक शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक, वीस-पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपली आपण जाऊ द्या, शिट्टी उचलून काढू नका. आरशासारखं सूप मिळेल.

पोळपाट_लाटणं
फ्रीजरला चालतात, कच्चेच ठेव. ताटलीत बटर पेपरवर सुटे सुटे मांडून आधी कडक होऊ दे, मग पिशवीत भर, एकदम पिशवीत टाकलेस तर सगळ्यांचा मिळून एक धोंडा होतो. काढल्यावर वितळवायचे नाहीत, तसेच मंद सुपात सोडायचे, तीन-चार मिनिटं जास्त लागतात. वळायचं राहिलं म्हणून कच्चा खिमा मात्र फ्रीजमध्ये एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नकोस.

कांदा चिरून नको, तुकडे हिरडीला लागतात आणि गोळा तिथे भेगाळतो. बारीक किसून मुठीत घट्ट पिळ, चोथा खिम्यात आणि रस सुपात. आलं-लसणाचं पण तसंच, वाटूनच घाल. कोथिंबीर घालायची तर देठं बाजूला काढ, ती हाडांबरोबर कुकरला लाव.